२०१३ चा घरचा कॉम्प्युटर: पार्ट बदलावेत की नवाच घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दादरच्या घरी बाबांचा २०१३ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, नोटिसा श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप करतात, मेल आणि बँकेचं काम करतात, संध्याकाळी यूट्यूबवर अभंग ऐकतात. मशीन सुरू व्हायलाच खूप वेळ घेतं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला, आणि विंडोज ११ यावर चालणार नाही.

विंडोज ११ चं तो बरोबर सांगतोय. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे. आडवाटेने ते बसवता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं काम होणाऱ्या कॉम्प्युटरवर मी ते करणार नाही.

मदरबोर्डचं मात्र ऐकू नका. बोर्ड बदलला की त्याबरोबर प्रोसेसर बदलतो, जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम निरुपयोगी होते, विंडोजचं लायसन्स त्या बोर्डाशी जोडलेलं असेल तर तेही अडतं, आणि इतका जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नव्या बोर्डाला लावणं धोक्याचं. म्हणजे तुम्ही जुन्या कॅबिनेटमध्ये नवा कॉम्प्युटरच विकत घेता. तसंच करायचं असेल तर सरळ वॉरंटीसकट नवा घ्यावा.

आधी कुठे अडतंय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं आकडे पाहत बसा. माझा अंदाज आहे की डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल आणि प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असेल. फिरणारी हार्ड डिस्क एक मोठी फाइल सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वेगाने वाचते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून लागतात. तिथे तिचं हेड सतत जागा शोधत फिरतं आणि वेग एक-दोन एमबीवर येतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ही अडचणच उरत नाही. एच६१ बोर्डावर जुनं ३ गिगाबिटचं साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) असतं, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. पण बाबांना जाणवणारा फरक बारीक फाइलींचा आहे आणि तो पूर्ण मिळेल.

तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा. अडीच इंची साटा घ्या, २५० जीबीच्या आसपासची पुरे. दुकानात पातळ पट्टीसारखी एम.२ दाखवतील, तिला तुमच्या बोर्डावर जागाच नाही. सोबत साटा केबल आणि बसवायची ब्रॅकेट मागून घ्या. दुसरा खर्च रॅमचा: अजून एक ४ जीबीची डीडीआर३, डेस्कटॉपची, १३३३ किंवा १६०० ची. एच६१ बोर्डांवर सहसा दोनच स्लॉट असतात. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती वापरात आहेत ते दिसतं. फार स्वस्त ८ जीबीची डीडीआर३ कोणी देऊ केली तर ती फक्त एएमडी बोर्डावर चालणारी नाही ना, हे विचारा. तसली रॅम इंटेलवर चालत नाही.

याच्यापुढे पैसा घालू नका. याच सॉकेटवर जुना आय५-३४७० बसतो आणि चार कोअर मिळतात हे खरं, पण नोटिसा आणि मेलसाठी त्याची गरज नाही. यूट्यूब अडखळलं तर त्याचं कारण वेगळं आहे: यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ प्रकारात पाठवतं आणि तो उलगडायची सोय या पिढीच्या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओची क्वालिटी ७२० वर ठेवा, किंवा ब्राउझरला या चिपला उलगडता येणारा एच.२६४ प्रकार मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका.

खरेदीआधी कॅबिनेट उघडून बोर्डावरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे उभे भाग) पाहा. एखादा वरून फुगला असेल तर यावर एक रुपयाही घालू नका. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पावसाळी दमट हवा, त्यामुळे रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर बसतो. वीज पूर्ण काढून रॅम बाहेर घ्या, दात साध्या खोडरबरने हलके पुसा. धूळ मऊ ब्रशने झाडा. घड्याळ सारखं मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की बँकेच्या साइट्स उघडत नाहीत.

आता सॉफ्टवेअर, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली, पण ती सोय तात्पुरती आहे. दुसरीकडे बाबांची वर्षानुवर्षांची सोसायटीची कागदपत्रं श्रीलिपीत आहेत आणि बाबांची श्रीलिपी विंडोजवर चालते. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, कारण मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी प्रमाण पद्धत) नाही, तो त्या फॉन्टच्या सांकेतिक जागांवर बसवलेला आहे. बाबांच्या हाताची सवय आणि हा दस्तऐवज, दोन्ही मोडता कामा नयेत.

म्हणून मी दोन डिस्कची विभागणी करेन. जुनी हार्ड डिस्क आहे तशी ठेवा, विंडोज आणि श्रीलिपीसकट, आणि तिथला नेट कायमचा बंद करा. नव्या एसएसडीवर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मेल, बँक, यूट्यूब सगळं तिथे. नोटीस काढायची असेल तर सुरू करताना बूट मेनूतून (कोणत्या डिस्कवरून सुरू करायचं ती यादी) जुनी डिस्क निवडायची. मिंट टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे विंडोजच्या बूटला धक्का लागत नाही. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर मिंटमधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

या सगळ्याआधी कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ दिसलं तर तिच्यावर विसंबू नका. विंडोजची क्लोन (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या डिस्कवर करून घ्या. महत्त्वाचे ठराव आणि इतिवृत्तं श्रीलिपीतूनच पीडीएफ करून ठेवा, ती कुठेही उघडतील. नव्या नोटिसा हळूहळू युनिकोडमध्ये लिहिता येतात का ते बाबांना विचारा. मिंटवर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालतो, पण बाबांची सवय दुसऱ्या कळपट्टीची असेल तर घाई करू नका.

मिंट एसएसडीवर टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, त्याने काही पुसलं जात नाही. त्यातच प्रिंटर लावून एक पान काढा. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रिंटरशिवाय चालत नाही.

सामान लॅमिंग्टन रोडवर घ्या. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत काही मिनिटांवर आहे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. रॅम दुकानातच चालवून दाखवायला सांगा. जुनी काढून नेली असेल तर तिच्या शेजारी लावून दोन्ही मिळून ८ जीबी दिसतात का, हेही तिथेच कळेल.