पावनखिंड, सिंहगड, पानिपत : कादंबरीतला मुलूख कसा पाहावा?

ऐतिहासिक कादंबऱ्यांतली ठिकाणं स्वतःपुरती गाडी आणि जाणता वाटाड्या घेऊन पाहायची, तर आखणी कशी करावी, याबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे आहेत. बाजीप्रभूंवरच्या कादंबऱ्या त्यांना जवळजवळ पाठ आहेत. ऑक्टोबरात बहीण परदेशातून येते आहे. आम्हा सहा जणांना चार दिवसांत पन्हाळा, पावनखिंड, विशाळगड, प्रतापगड आणि रायगड करायचे आहेत. जमेल का? (डोंबिवली)

उत्तर : गाडीनं जमेल, पण बघणं होणार नाही. प्रतापगड आणि रायगड यातून काढाच. एका सहलीत एकच प्रसंग घ्यावा आणि तो घडला त्याच क्रमानं, त्याच दिशेनं पाहावा, असं आमचं ठाम मत आहे. पन्हाळा ते विशाळगड हा प्रसंग तर या पद्धतीसाठीच घडल्यासारखा आहे. सुरुवात कुठं, शेवट कुठं, हे ठरलेलं आणि वाट ओळखीची.

कोल्हापूरला रेल्वेनं या आणि गाडी तिथूनच करा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला बहुधा २५० किंवा ३०० किलोमीटर किमान धरतात. मुंबई-पुण्याहून गाडी आणली तर मधल्या दिवशी ती दीडशे किलोमीटरसुद्धा पळत नाही, पण पैसे तीनशेचे जातात. शिवाय चालकाचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम आहेच. सहा जण आणि सामान असेल तर सात आसनी गाडी अपुरी पडते. मागच्या आसनावर ज्येष्ठांना घाटात मळमळतं, म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर बरा.

पहिला दिवस पूर्ण पन्हाळ्याचा. गड कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि वर वस्तीचं गाव असल्यानं बहुतेक ठिकाणांपर्यंत गाडी जाते. सुरुवात अंबरखान्यापासून करा. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची प्रचंड कोठारं पाहिल्याशिवाय चार महिन्यांचा वेढा गडानं कसा सोसला ते कळत नाही. त्यानंतर अंधारबाव आणि शेजारचा तीन दरवाजा. अंधारबावेच्या आतल्या पायऱ्या उंच आणि ओलसर आहेत; आईवडिलांना वरच्या मजल्यावरच थांबवा. दुपारी विश्रांती घ्या. चार वाजता सज्जाकोठी, आणि राजदिंडी अगदी शेवटी, उन्हं उतरताना. १२ जुलै १६६०च्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी इथूनच बाहेर पडले. ती आषाढी पौर्णिमेची रात्र, पण भर पावसाळ्यातली. राजदिंडीपाशी उभं राहून खालचं रान पाहिलं की सहाशे माणसं आवाज न करता उतरवणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो. वाटाड्याला इथं बोलायला भरपूर वेळ द्या. त्या रात्री महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवणाऱ्या शिवा काशीदांचं स्मारक चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून मसाई पठार. पन्हाळ्याहून दहा-बारा किलोमीटर, गाडी पठारापर्यंत जाते. वर जांभ्या खडकाचा लांबच लांब सडा आहे, झाड जवळजवळ नाही. पन्हाळ्याकडे पाठ करून पश्चिमेला तोंड करा. पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्यांमधून वाट पांढरपाण्याकडे जाते. पठारावर सपाटीनं किलोमीटरभर चालणं सत्तरीच्या माणसाला जमतं आणि तेवढं पुरे. पायांत पकड असलेले बूट हवेत. सकाळच्या दवानं जांभ्यावरचं शेवाळ निसरडं असतं.

तिथून मागं येऊन रत्नागिरी रस्त्यानं मलकापूर आणि पुढं पांढरपाणीमार्गे पावनखिंड. दोन-अडीच तास धरा. मलकापूरच्या पुढं जेवणाची सोय भरवशाची नाही, म्हणून जेवून निघा किंवा डबे बांधून घ्या. गाडी थांबते तिथून स्मारकापर्यंत पायऱ्या आहेत, पण प्रत्यक्ष खिंडीत उतरायला लोखंडी शिडी आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरूनच पाहावं. वरून खिंडीची अरुंदी उलट जास्त नीट दिसते. तीनशे माणसांनी मोठ्या फौजेला कसं अडवलं, याचं उत्तर त्या अरुंदीतच आहे. एका वेळी किती जण पुढं येऊ शकतील, ते नजरेनं मोजा. लढाई झाली ती नेमकी हीच जागा का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तोफांचे आवाज ऐकेपर्यंत बाजी झुंजत राहिले, हा प्रसंग बखरी आणि त्यानंतरच्या वाङ्मयातून आपल्यापर्यंत आला. वाटाड्यानं या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. त्यानं बाजींचं मोठेपण तसूभरही उणं होत नाही.

तिसरा दिवस विशाळगडाचा. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाध्या तिथं आहेत. कादंबरीच्या भरात एक गोष्ट बरेचदा निसटते : महाराज विशाळगडाशी पोचले तेव्हा गडाच्या पायथ्यालाही शत्रूचा वेढा होता. पालवणचे दळवी आणि शृंगारपूरचे सुर्वे तिथं होते आणि तो वेढा फोडूनच वर जावं लागलं. गडावर जाण्यावर प्रशासन मधूनमधून निर्बंध घालतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी शाहूवाडी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करा. बंदी असेल तर तिसऱ्या दिवशी मसाई पठारावरच थोडं जास्त चाला.

प्रश्न : हीच वाट जुलैमध्ये, त्याच तिथीला चालायची आहे. आम्ही तिघे तिशीतले आहोत. खासगी वाटाड्या घ्यावा की मोठ्या मोहिमेबरोबर जावं? (सांगली)

उत्तर : पहिल्यांदा जात असाल तर मोहिमेबरोबर जा. वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, साधारणपणे दोन दिवसांत चालतात आणि वाडीवरच्या शाळेत किंवा घरात मुक्काम करतात. पावसात मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. सगळीकडे सारखाच सडा, त्यामुळं माणसं दिशा चुकतात. खासगी जायचं तर वाटाड्या वाटेवरच्या एखाद्या वाडीतलाच हवा. शहरातला अभ्यासू माणूस इतिहास सांगेल, पण पाण्यानं फुगलेला ओढा कुठं ओलांडायचा ते वाडीतल्या माणसालाच ठाऊक असतं. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. रानात जळवा लागतात. जळू ओढून काढू नका; वर मीठ टाका, आपोआप सुटते. मोजे दोन जोड जास्त ठेवा, कारण ओल्या मोज्यांनी पाय सोलवटतात आणि दुसऱ्या दिवशीचं चालणं तिथंच संपतं.

प्रश्न : सिंहगडावर अनेकदा गेलो, पण भजी-पिठलं खाऊन परत आलो. तानाजींचा प्रसंग समजेल असा गड कसा पाहायचा? घोरपडीचं खरं काय? (पुणे)

उत्तर : आठवड्यातला मधला दिवस धरा. शनिवार-रविवारी घाटरस्त्यावर गाड्या अडकतात आणि गोळेवाडीच्या नाक्यावरच सकाळ जाते. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो. चढायचं असेल तर आतकरवाडीहून जा. सवय असेल तर तास-सव्वा तास, नसेल तर दोन तास.

वर पोचल्यावर तानाजींच्या समाधीकडे लगेच जाऊ नका. आधी तानाजी कडा गाठा. कठड्याच्या आत राहून खाली पाहा, मग तिथून समाधीपर्यंत चालत या. हे अंतर पायांनी मोजलं की कड्यावरून वर आल्यानंतरची झुंज गडावर किती आत शिरली होती ते समजतं. शेवटी कल्याण दरवाजा. परंपरेनुसार सूर्याजी या बाजूनं आत आले. एकामागोमाग असलेले त्याचे दोन दरवाजे उतरून पाहा आणि पायथ्याचं कल्याण गाव ओळखा. सगळं मिळून तीन तास लागतात.

प्रसंगाची तारीख ४ फेब्रुवारी १६७०, तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे आधीची सारी रात्र काळोखाची. कोणती रात्र निवडली, यावरून बेत किती विचारानं आखला होता ते दिसतं. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट येते ती तुळसीदास शाहिरांच्या पोवाड्यातून. पोवाडा हे काव्य आहे आणि काव्य म्हणून ते थोर आहे, पण समकालीन कागदांत घोरपड नाही. तानाजी पडले म्हणून गडाला सिंहगड नाव मिळालं, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. १६६३च्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. जो वाटाड्या हे सांगून नंतर पोवाड्याचे चार चौक म्हणून दाखवतो, तो निःसंशय चांगला.

प्रश्न : वाटाड्या जाणकार आहे हे आधी कसं ओळखायचं? त्याच्याशी काय काय ठरवून घ्यावं? (नाशिक)

उत्तर : फोनवरच तीन प्रश्न विचारा. प्रसंगाची तारीख काय? त्या दिवशी शत्रूची माणसं कोणत्या बाजूला होती? आणि कादंबरीतली कोणती गोष्ट कागदात सापडत नाही? तिसऱ्या प्रश्नावर जो चिडतो किंवा ‘सगळं खरंच आहे’ म्हणतो, त्याला नम्रपणे नकार द्या. पर्यटन विभागाचं ओळखपत्र असेल तर ते पाहा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर त्याचा उपयोग होतो.

पैसे माणशी ठरवू नका, दिवसावर ठरवा. वाटाड्याचं जेवण, मुक्काम आणि परतीचा प्रवास कुणाकडे, ते आधी लिहून घ्या. भांडणं बहुतेक यावरूनच होतात. पाऊस किंवा बंदीमुळं ठिकाण रद्द झालं तर बदली ठिकाण कोणतं, तेही ठरवा. ड्रोन न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, त्याला वेगळी परवानगी लागते. संरक्षित वास्तूत तिपाई लावायलाही परवानगी विचारतात.

कादंबरीतला उतारा जागेवर मोठ्यानं वाचण्याची कल्पना फार चांगली आहे, फक्त तो एका पानापेक्षा मोठा नको. आधी उतारा, मग जागा पाहणं, मग इतिहास, हा क्रम पाळा. उलट केलं तर वाचताना मन लागत नाही. बुरुजावर वारा असतो, म्हणून तटाच्या आडोशाला बसून वाचा. आठाहून जास्त माणसं असली की मागच्यांना ऐकू येत नाही.

प्रश्न : थोरल्या माधवरावांवरची कादंबरी वाचून थेऊरला जावंसं वाटतं. दिवस लागेल का? (सोलापूर)

उत्तर : अर्धा दिवस पुरे. थेऊर पुण्याच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यावरून आत आहे. चिंतामणीच्या मंदिर परिसरातच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवरावांनी देह ठेवला. दर्शन झाल्यावर नदीकाठी जा, तिथं रमाबाईंचं वृंदावन आहे. चतुर्थीला मात्र जाऊ नका, रांगेतच सारा वेळ जाईल.

प्रश्न : दिल्लीत बदली झाली आहे. पानिपत एका दिवसात होईल का? तिथं पाहण्यासारखं काहीच नाही असं ऐकतो. (नवी दिल्ली)

उत्तर : होईल. दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर आहे. पाहण्यासारखं काही नाही असं वाटतं, कारण लोक काला आंबच्या स्मारकाशी छायाचित्र काढून परततात. सपाट प्रदेशातली रणभूमी दिशा समजल्याशिवाय दिसत नाही. होकायंत्र आणि लढाईचा नकाशा बरोबर ठेवा आणि आधी एक गोष्ट मनात पक्की करा : मराठे उत्तरेला, पानिपत गावाच्या बाजूला होते आणि अब्दाली दक्षिणेला, म्हणजे मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये. पाठ पानिपतकडे आणि तोंड दक्षिणेकडे करून उभे राहा. डाव्या हाताला, यमुनेच्या बाजूला, इब्राहिमखान गारदी. मध्ये भाऊसाहेब आणि विश्वासराव. उजवीकडे शिंदे आणि होळकर. रसद का तुटली, ते हात पुढं केला की समजतं. दिल्लीची वाट त्या हाताच्या दिशेला आणि तिच्यावर शत्रू.

१४ जानेवारीला तिथं मराठी माणसं मोठ्या संख्येनं जमतात. त्या दिवशी जायचं असेल तर धुक्यासाठी हाताशी वेळ ठेवा; सकाळी दहा-अकरापर्यंत महामार्गावर काही दिसत नाही आणि अपघात होतात. पहाटे गाडीनं निघण्यापेक्षा आदल्या दिवशी रेल्वेनं पोचून मुक्काम करा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास पुन्हा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हिवाळ्यातला खाली झुकलेला सूर्य सरळ डोळ्यांवर येतो. सकाळपासून उपाशी लढणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवरही तो तसाच येत होता. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर धुकं नसतं आणि शेतांमधून चालताही येतं. मात्र पिकात शिरण्याआधी मालकाला विचारा.