क्लबाचा पैसा केनियाला पाठवायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूरकडच्या तुमच्या सेवाभावी क्लबात तीसेक सभासद. दरवर्षी डोळ्यांचं शिबिर घेता, दोन-तीन मराठी शाळांना मदत करता. आता एका सभासदाच्या नैरोबीतल्या पाहुण्यांनी तिथल्या एका बालगृहाची माहिती पाठवलीय आणि दिवाळीच्या स्टॉलमधून जमलेला अर्धा निधी तिकडं द्यावा, असं निम्म्यांचं म्हणणं. उरलेले म्हणतात, आधी गावचं बघा. मी बेळगावात बरीच वर्षं अशाच एका क्लबाची खजिनदारी सांभाळलीय, तेव्हा उत्तरही खजिनदाराचंच देतो: केनियाला जरूर द्या, पण क्लबाच्या गल्ल्यातून नको. सभासदांनी आपापल्या खिशातून द्यावं.

स्टॉलवर आलेलं गिऱ्हाईक, स्मरणिकेत जाहिरात देणारा बाजारपेठेतला दुकानदार, यांनी पैसे इथल्या कामासाठी दिलेत. पावतीवर तसं छापलेलं नसलं तरी त्यांच्या मनात तेच असतं. कायदाही साधारण त्याच बाजूचा आहे. धर्मादाय म्हणून करसवलत घेणाऱ्या संस्थेनं भारताबाहेर खर्च केलेली रक्कम त्या सवलतीसाठी सहसा धरत नाहीत. त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. आणि बँकेत ज्याला एलआरएस म्हणतात, ती परदेशी पैसे पाठवण्याची सोय फक्त व्यक्तींना आहे. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. ट्रस्ट, सोसायटी, भागीदारी संस्था यांना ती लागू नाही. म्हणजे क्लबाचा चेक घेऊन गेलात तर बँकवाला परतच पाठवणार.

व्यक्ती म्हणून पाठवणं मात्र अवघड नाही. पॅन लागतं, ए-टू हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरावा लागतो, त्यात दान म्हणून कारण लिहायचं. गावातल्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही, म्हणून आधी फोन करून बेळगावची कुठली शाखा ते करते ते विचारून घ्या. सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून त्याच्या नावानं पाठवायचा मोह होईल, तो टाळा. पुढं ते पैसे कुणाचे याची उत्तरं देत बसावं लागतं. दर महिन्याला थोडं थोडं पाठवण्यातही अर्थ नाही, प्रत्येक वेळी बँकेचा आकार कापला जातो. वर्षातून एकदाच पाठवा. या दानावर देणगीची आयकर सूट, जिला सगळे ८०-जी म्हणतात, ती नाही, हे सभासदांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये सगळे पावती मागायला तुमच्या दारात.

उलट्या दिशेचंही ऐकून ठेवा. नैरोबीचे पाहुणे खुशीनं म्हणतील, आम्हीही तुमच्या शाळेला काही पाठवतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर क्लबाच्या खात्यात परदेशी देणगी एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो.

पैशापेक्षा मला बालगृहाबद्दल जास्त बोलायचंय. तुमच्या प्रश्नात फोटोंचं वर्णन आहे, रंगवलेली इमारत, रांगेत उभी मुलं. फोटोवरून काही कळत नाही. पहिला प्रश्न हा विचारा: यातल्या किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत? जगभर अशा घरांमधल्या बऱ्याच मुलांना घर असतं, फक्त ते गरीब असतं. फी परवडत नाही, आजारपण येतं, मग मूल आश्रमात जातं. आणि देणगी मुलांच्या डोक्यावर मोजून येऊ लागली की मुलं गोळा करणारेही निघतात. म्हणून केनियानं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, २०२२ मध्ये नवा बालकायदा केला, आणि मुलांना संस्थेतून कुटुंबात परत नेण्याचं २०२२ ते २०३२ असं दहा वर्षांचं राष्ट्रीय धोरण आखलं. तिथलं सरकारच बालगृहं कमी करत असताना आपण नवीन खोली बांधायला पैसे द्यायचे, हे मला पटत नाही.

आपल्याकडंही सूत्र तेच. २०१५ च्या बालन्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय धरलाय. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालकल्याण योजनेत घरीच राहणाऱ्या गरजू मुलासाठी महिना चार हजार रुपये मिळू शकतात, ते याचसाठी. तेव्हा त्या बालगृहाला सरळ लिहून विचारा: गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली, त्यांच्या शाळेची फी कोण भरतं, घरी जाऊन बघून येणारा समाजसेवक पगारावर आहे का? उत्तर नीट आलं तर त्या फीसाठी आणि त्या पगारासाठी पैसे द्या. नुसते आणखी फोटो आले तर हात जोडा. तिथल्या जिल्ह्याच्या बाल अधिकाऱ्याकडं त्यांची नोंद आहे का, हेही पाहुण्यांना प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगा. एवढं काम ते नक्की करू शकतात. मुलांचे चेहरे आणि नावं क्लबाच्या व्हॉट्सअपवर फिरवू नका. आपल्या गावातल्या पोराचं तसं कुणी केलं तर चालेल का?

तुमचा क्लब रोटरीचा असेल तर रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचं, म्हणजे मोठ्या प्रकल्पाच्या अनुदानाचं, कुणीतरी सुचवेलच. त्याला प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा लागतो, दोन देशांतले क्लब लागतात, आणि एखाद्या संस्थेचा रोजचा चालू खर्च भागवायला तो पैसा नसतो. तीस सभासदांच्या क्लबानं तिथून सुरुवात करू नये.

इथल्या कामाबद्दल थोडंच. डोळ्यांचं शिबिर जून ते ऑगस्टमध्ये ठेवू नका. कणकुंबीकडचा पाऊस आणि भाताची रोप लावणी, दोन्ही एकदमच. माणूस येणार कुठून? चिकोडी-अथणीकडं हीच अडचण ऊसतोडीत येते. गावात फक्त तपासणी, ऑपरेशन दवाखान्यातच, आणि चष्म्याचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा, कारण ऑपरेशनचा फोटो निघाला की चष्म्याकडं कुणी बघत नाही. सरकारी मराठी शाळेत काही करायचं असेल तर आधी एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या समितीचा ठराव आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला कन्नडमध्ये अर्ज. तुमच्यातल्या कन्नड सभासदाकडून तो लिहून घ्या, काम निम्म्या वेळात होतं. देणगीदारांच्या पाटीवरून मात्र हमखास भांडण. कुठली भाषा वर, कुणाचं नाव पहिलं! आम्ही पाटीच बंद केली. शाळेच्या नळाला पाणी आलं, ते सगळ्यांना दिसतंच की.

शेवटचं अध्यक्षांचं. क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, हिशेबाचं एप्रिलला, आणि नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो. केनियातलं पोर मात्र पुढच्या वर्षीही शाळेत जाणार असतं. म्हणून जे सभासद देणार आहेत त्यांनी तीन वर्षांची रक्कम आत्ताच लिहून द्यावी, आणि दरवर्षी बदलणाऱ्या पदाधिकाऱ्यांत नसलेला एक माणूस त्या पत्रव्यवहाराला नेमावा. क्लबाच्या सभेत ठराव एवढाच करा: हा सभासदांचा वैयक्तिक उपक्रम आहे, क्लबाचं नाव आणि लेटरहेड त्याला वापरायचं नाही. तुमच्याकडचे आधी गावचं बघा म्हणणारे याला सही करतील, असं मला वाटतं. सभा घेतलीत की कोण काय म्हणालं ते कळवा.