‘मला काहीही चालतं’ म्हणणाऱ्या बाबांना विचारायचं तरी काय?

प्रश्न: माझे वडील ८२ वर्षांचे, पॅरालिसिसनंतर नाशिकच्या एका केअर होममध्ये आहेत. स्वच्छता, औषधं सगळं वेळेवर, तक्रारीला जागा नाही. पण बाबा गप्प गप्प झालेत, काय हवंय विचारलं की ‘मला काहीही चालतं’ एवढंच. स्टाफ म्हणतो काका एकदम अॅडजस्ट झालेत. मला काही ते पटत नाहीये. – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, पटत नाहीये ते बरोबरच आहे. ‘काहीही चालतं’ हे त्या पिढीचं ठरलेलं उत्तर, लेकीला त्रास नको, स्टाफला राग यायला नको म्हणून दिलेलं, त्यावरून माणसाची आवडनिवड संपली असं धरून चालणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तुम्ही प्रश्न बारीक करा. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या माणसाचं जे असेसमेंट करतात त्यात ऑक्टोबर २०१० पासून आवडीनिवडीचे १६ प्रश्न आहेत, आणि ते आधी खुद्द त्यालाच विचारायचे, त्याला उत्तर देणं जमतच नसेल तर मग घरच्यांना. कपडे कुठले घालायचे, झोपायचं कधी हे स्वतः ठरवणं, फोनवर एकांतात बोलणं, आपल्या वस्तू कुलपात ठेवायला जागा असणं, बातम्या कळत राहणं, हे तुम्हाला किती महत्त्वाचं? उत्तरं खूप, थोडंफार, फारसं नाही, अजिबात नाही, आणि पाचवं म्हणजे महत्त्वाचं आहे पण जमत नाही किंवा तशी सोयच नाही. हे पाचवं उत्तर सगळ्यात नीट ऐका, कारण ‘काहीही चालतं’च्या खाली बऱ्याचदा तेच दडलेलं असतं.

आणि ‘हो, महत्त्वाचं आहे’ म्हणाले की तिथेच थांबू नका. अंघोळच घ्या ना, चहाच्या आधी की नंतर, शॉवर की बादली-तांब्या, पाणी कितपत कडक, अंघोळ घालायला बाई आली तर संकोच वाटतो का, उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाताने निदान दोन तांबे स्वतः अंगावर घेऊ देतात का. पेपर मिळतो म्हणाले तर किती वाजता मिळतो तेही विचारा, कारण ऑफिसात फिरून दुपारी हातात पडलेला पेपर काय कामाचा! बोलायला अडखळत असतील तर मान हलवून हो-नाही सांगता येईल असं विचारा, घाई मात्र करू नका. (ज्यांच्या घरी डिमेन्शियाचा पेशंट आहे त्यांनीही हे करून बघावं, आजार फार पुढे गेलेला नसेल तर बरेच जण आपली आवड नीट सांगू शकतात.)

एकदाच विचारून ठेवून देऊ नका, तब्येतीप्रमाणे आवड बदलते. जे कळेल ते मराठीत एका कागदावर लिहून मॅनेजरला द्या आणि रात्रपाळीच्या मावशींनाही वाचून दाखवा, कारण दिवा कधी बंद करायचा हे त्यांच्याच हातात असतं. सुरुवात कुलपाच्या ड्रॉवरपासून आणि सकाळच्या पेपरपासून करा, त्याला केअर होमला खर्च फारसा नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही सापडणार नाही.