वाचकांचे प्रश्न : मोंबासाची रेल्वे आणि चिनी कर्ज

प्रश्न : केनियाने रेल्वेपायी मोंबासा बंदर चीनकडे गहाण टाकलं, असं इकडे जयगड बंदरावर बोलतात. खरं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. बंदराची जमीन तारण नाही. बंदर प्राधिकरणाने दरवर्षी ठरावीक माल रेल्वेला देण्याची हमी घेतली आहे. माल कमी पडला तर भाड्यातला फरक त्यानेच भरायचा. शिवाय आयातीवर रेल्वे विकास कर आहे, २०१३ मध्ये दीड टक्का, पुढे दोन. वाद झाल्यास लवाद बीजिंगमध्ये, तोही चिनी कायद्याने. आम्हाला विचाराल तर जाच आहे तो या कलमांचा.

प्रश्न : कर्जाचे पैसे हातात कसे येतात? व्याज किती? (चिपळूणहून)

उत्तर : हातात येतच नाहीत. कर्ज चायना एक्झिम बँकेचं, ठेका चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनचा; दोन्ही चीन सरकारच्या मालकीच्या. ठेकेदार झालेल्या कामाचं बिल लावतो, सल्लागार अभियंते ते तपासतात, केनिया बँकेला कळवतो आणि बँक परस्पर ठेकेदाराला पैसे देते. रक्कम चढते केनियाच्या खात्यावर. वाटेत गळती कमी, हे खरं. पण खुली निविदाच नसेल तर मुळातला दर फुगवलेला आहे की नाही, हे ताडून बघायला दुसरा आकडाच नसतो.

मोंबासा–नैरोबी हा ४७२ किलोमीटरचा मार्ग. २०१४ मध्ये त्यासाठी दोन मुख्य कर्जं झाली. एक १६० कोटी डॉलरचं, दोन टक्के स्थिर व्याजाने, २० वर्षांचं; त्यात पहिली सात वर्षं मुद्दल फेडायचं नाही. दुसरं साधारण तेवढंच, पण १५ वर्षांचं, सवलत पाचच वर्षांची आणि व्याज लिबॉर (लंडनच्या बँकांचा आपसातल्या उसनवारीचा, सतत बदलणारा दर) अधिक ३.६ टक्के. गोम या दुसऱ्यात. २०१४ मध्ये सहामाही लिबॉर अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता. २०२३ मध्ये पाचच्या वर गेला. म्हणजे शिल्लक कर्जातल्या प्रत्येक १०० कोटी डॉलरमागे वर्षाला साडेचार कोटींहून जास्त भुर्दंड, आणि तिकिटांचं उत्पन्न मात्र शिलिंग या केनियाच्या चलनात. २०२५ मध्ये केनियाने डॉलरमधली रेल्वेकर्जं युआन या चिनी चलनात फिरवून घेतली. वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील, असं तिथलं अर्थखातं सांगतं.

प्रश्न : कोकण रेल्वेही कर्जावरच उभी राहिली ना? मग फरक काय? (कुडाळहून)

उत्तर : हो, आणि व्याजाने तीही बेजार झाली. पण १९९० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के आणि महाराष्ट्राचे २२ टक्के भाग होते, बाकीचे कर्नाटक, गोवा, केरळ यांचे. मोठी रक्कम देशातच रोखे विकून उभी केली. कमाई रुपयांत, परतफेडही रुपयांत. दुसरं म्हणजे रोहा आणि ठोकूर ही दोन्ही टोकं आधीच्या ब्रॉडगेजला जुळलेली. केनियाचे १४३५ मिलिमीटर गेजचे रूळ २०१९ मध्ये नैरोबीच्या पुढे नैवाशापर्यंत पोचले. तिथून युगांडाकडे जुनी मीटरगेज, त्यामुळे कंटेनर उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्यापेक्षा ट्रक बरा, असा हिशेब बरेच व्यापारी करतात.