दोन लिटरच्या इंजिनातून साडेपाचशे हॉर्सपॉवर कशी निघते?

प्रश्न : मी मालवणचा, आमचा ट्रॉलर आहे आणि त्याच्या डिझेल इंजिनाचं काम मीच करतो. सहा सिलेंडरचं धूड, दोन माणसांना हलत नाही, तरी पावर दीडेकशे हॉर्सपॉवरच. आणि चुलतभाऊ सांगतो की जपानच्या रेसमधलं दोन लिटरचं चार सिलेंडर इंजिन साडेपाचशे देतं! पटत नाही. टर्बोचा दाब वाढवला की झालं, एवढंच आहे का हे?

उत्तर : दादा, चुलतभाऊ खरं बोलतोय. 2014 पासून जपानमध्ये सुपर फॉर्म्युला (एका सीटच्या, उघड्या चाकांच्या गाड्या) आणि सुपर जीटीच्या (छपराच्या स्पोर्ट्स गाड्या) जीटी500 या वरच्या गटाला, अशा दोन्ही रेसना एकाच धर्तीचं इंजिन ठरवलं, निप्पॉन रेस इंजिन म्हणतात त्याला, दोन लिटर, सरळ रांगेत चार सिलेंडर, एक टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून सिलेंडरात हवा दाबणारा पंखा), पेट्रोल थेट सिलेंडरात. त्याआधी तिथे टर्बो नसलेली 3.4 लिटरची व्ही8 होती. टोयोटा, होंडा आणि निस्सान तिघांनी आपापलं बनवलं, पण निस्सान फक्त जीटीत.

आता तुमचा खरा मुद्दा, दाब. नुसता दाब वाढवून तिथे काही हाती लागत नाही कारण नियमाने हवेला नाही, पेट्रोललाच चाप लावलाय. जीटी500 मध्ये तासाला 95 किलो, म्हणजे सेकंदाला साधारण 26 ग्रॅम, दोन-अडीच मोठे चमचे समजा, त्याच्यावर एक थेंब नाही. तीन घरांना सारखंच सरपण मोजून दिलं आणि सांगितलं की आता बघू कोणाच्या चुलीवर जास्त भाकऱ्या होतात, तसं आहे हे. उष्णता सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून वाया किती जाते तेवढ्यावर सगळी मारामारी, आणि म्हणूनच मला हे इंजिन मनापासून आवडतं. टर्बो इथे जादा पेट्रोल जाळायला नाही तर जादा हवा कोंबायला आहे, मिश्रण विरळ ठेवून तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम काढायचं. आरपीएम वाढवत बसूनही फायदा नाही, पेट्रोल ठरलेलं असल्यावर वर नुसतं घर्षण वाढतं. त्रास दुसरीकडे आहे, विरळ मिश्रण नीट पेटत नाही आणि दाब जास्त झाला की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं वेळेआधी आपोआप भडकणं, सुरू होतं, ते एकदा धरलं की पिस्टन गेलाच समजा. यावर एक उपाय प्रीचेंबरचा, सिलेंडरच्या डोक्यावर इवलीशी खोली, ठिणगी तिथे पडते आणि भोकांतून ज्वाळा खाली सगळीकडे एकदम पसरतात.

आणि ट्रॉलरच्या इंजिनाला कमी लेखू नका हं. ते खाऱ्या हवेत दिवसदिवस लोडवर चालतं, वर्षानुवर्षं चालतं. रेसचं इंजिन ठराविक अंतर धावलं की उघडावं लागतं. कामंच वेगळी दोघांची.

प्रश्न : माझी छोटी टर्बो पेट्रोल गाडी आहे, रत्नागिरी-कोल्हापूर येणं-जाणं असतं. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून टर्बोचा दाब आणि पावर वाढवणं, करून घेऊ का? आणि या जपानी रेसमध्ये आपलं कोणी आहे का?

उत्तर : ताई, रिमॅप नको. रेसमध्ये इंजिनाचा एकेक पार्ट त्या दाबासाठी बनवलेला असतो, तुमच्या गाडीचा नाही, वर वॉरंटी जाईल ती वेगळी. त्यापेक्षा आंबा घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, एखादा मिनिट चालू राहू दे, टर्बो तापलेला असतो आणि ऑइल थांबलं की बेअरिंगमध्ये ते जळून चिकटतं. ऑइल वेळेवर बदला.

आपलं माणूस म्हणाल तर नारायण कार्तिकेयन! 2014 ते 2018 सुपर फॉर्म्युलात, मग 2019 ला सुपर जीटीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानच्या फुजी ट्रॅकवर सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएम या कार रेसमालिकेच्या गाड्या एकत्र धावल्या, त्यातली दुसरी रेस त्यानेच मारली, होंडा एनएसएक्समधून, म्हणजे वर सांगितलं तेच दोन लिटरचं इंजिन पाठीशी घेऊन.