‘अवरोधक ग्राही’ म्हणावं का?

भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘वारंवारच्या ताणामुळे मेंदूतील अवरोधक ग्राही कमी होतात’ हे वाक्य चालेल का, की ‘अवरोधक’ऐवजी दुसरा शब्द हवा? (ग्राही म्हणजे पेशीवरचा, रासायनिक संदेश टिपणारा रिसेप्टर; इथे प्रश्न ‘इन्हिबिटरी रिसेप्टर’चा आहे.)

शब्द बदलाच, पण माझी खरी तक्रार ‘कमी होतात’बद्दल आहे.

आधी शब्द. ‘अवरोधक’ आधीच दुसरीकडे कामाला लागलेला आहे. बीटा-ब्लॉकरसारखी औषधं ग्राहींची वाट अडवतात, त्यांना आपण अवरोधक म्हणतो. इथे ग्राही काहीच अडवत नाही. गाबा या मेंदूतल्या आवर घालणाऱ्या रसायनाचा रेणू येऊन बसला की तो उघडतो, ऋणभारित क्लोराइड चेतापेशीत शिरतं आणि पेशीला संदेश सोडणं अवघड जातं. ‘शामक’ कानाला गोड, पण तो औषधांच्या नावे झाला. त्यातलं डायझेपाम याच ग्राहीवर काम करत असल्यामुळे घोळ वाढेल. परिभाषेत ‘निरोधी’ घ्या (कुणाला हसू फुटलं तर फुटो), एरवी सरळ ‘आवर घालणारे’ लिहा.

आता क्रियापद. उंदरांवरच्या काही प्रयोगांत ग्राहींची संख्या घटलेली दिसते, हे खरं. पण गाबा-ए, म्हणजे वर सांगितलेला ग्राही, ५ उपघटकांचा बनतो. ताणानंतर त्यातले उपघटक बदलले, तर संख्या तीच राहूनही त्याचं वागणं बदलतं. कधी तर ग्राही जसाच्या तसा असतो, मात्र पेशीतलं क्लोराइड बाहेर टाकणारा केसीसी-२ हा पंप मंदावतो. मग क्लोराइड आतच साठतं, ग्राही उघडला तरी नवं आत शिरत नाही, उलट बाहेर पडू लागतं आणि आवर घालणारा गाबाच पेशीला चेतवतो! ताण-संप्रेरकांची साखळी सुरू करणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या पेशींत एकदाच्या ताणानंतरही असं दिसलं आहे.

‘वारंवारच्या’ मात्र गाळू नका. एकदाच्या ताणात ॲलोप्रेग्नॅनोलोन हे मेंदूतही तयार होणारं स्टेरॉइड वाढतं आणि या ग्राहींना बळ देतं. ताण लांबला की तेच घटतं, म्हणजे परिणाम उलटा.

मी असं लिहीन: ‘वारंवारच्या ताणामुळे निरोधी ग्राहींचा चेतापेशींवरचा आवर सुटत जातो.’ मूळ मजकुरात फक्त संख्याच मोजलेली असेल, तर ‘कमी होतात’ राहू द्या; पण मेंदूच्या कोणत्या भागात ते सांगा, कारण हिप्पोकॅम्पसमध्ये दिसलेलं अमिग्डलात दिसेलच असं नाही.