शहराबाहेरचे बंद, वातानुकूलित मॉल मुळात कुठून आले?

बडोद्यात मॉल कसे आले हा पुढचा प्रश्न. आधी मूळ पाहू: अमेरिकेत मिनीआपोलिसजवळ इडायना नावाचं उपनगर आहे. तिथे ऑक्टोबर 1956 मध्ये साउथडेल सेंटर उघडलं. पूर्ण बंदिस्त, आतलं तापमान राखणारा, उपनगरातला हा पहिला मोठा मॉल. तिथले हिवाळे हाडं गोठवणारे, त्यामुळे लोक खरेदीला बाहेरच पडत नसत. म्हणून मधल्या चौकावर छप्पर घातलं आणि आत कायमचा वसंत ऋतू आणला: झाडं, कारंजं, पक्ष्यांचा मोठा पिंजरा.

वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा 1938 मध्ये ते अमेरिकेत आले. त्यांना निव्वळ दुकानं बांधायची नव्हती. घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं असलेलं, पायी फिरता येईल असं गावच त्यांच्या मनात होतं. प्रत्यक्षात मॉल झाला आणि भोवती पसरला गाड्यांचा तळ. मला ही गोष्ट फार चटका लावते. पुढे ग्रुएन यांनी स्वतःच अशा मॉलचं पितृत्व नाकारलं. ते व्हिएन्नाला परतले, तर 1976 मध्ये तिथेही शहराच्या दक्षिणेला एक प्रचंड मॉल उभा राहिला!

त्यांना हवं होतं ते आपल्याकडे बडोद्यात खंडेराव मार्केटला आहे, असं मला मनापासून वाटतं. सयाजीरावांनी बांधलेल्या त्या वास्तूत महापालिकेची कचेरी, आणि लागूनच भाजी नि फुलं. आई एकाच फेरीत कराची पावती आणि गजरा दोन्ही घेऊन येते.